थांबण्याची मजुरी

२०१९ च्या पावसाळ्यात गोव्याच्या डिचोली तालुक्यातल्या मये गावात एका अंगणात टिपर ट्रक उभा पाहिला. टायर बसू नयेत म्हणून जांभ्याचे चिरे लावून तो उचलून धरला होता. बॅटरी काढून पडवीत ठेवली होती, घोंगड्याच्या तुकड्यावर. हौद्यात पाणी साठू नये म्हणून मागचा फाळका खाली सोडला होता. तरी एका कोपऱ्यात लाल माती राहिलीच होती आणि त्या मातीत गवत वीतभर वर आले होते. ती माती खाणीचीच.

मालक दर रविवारी बॅटरी जोडायचा, इंजिन चालू करायचा, दहा मिनिटे धडधडू द्यायचा आणि बंद करायचा. गाडी मरू नये म्हणून. डिझेल स्वतःच्या खिशातले. मी विचारले, विकून का टाकत नाही? तो म्हणाला, “गाडी विकली जाल्यार काम सुरू जातलें, दवरली जाल्यार जावचें ना.” विकली की दुसऱ्या दिवशी खाण सुरू होणार आणि ठेवली तर होणार नाही, अशी त्याची खात्री पटली होती. सात वर्षे तारखा ऐकलेल्या माणसाची ती खात्री होती.

आजचे सदर त्या दहा मिनिटांच्या डिझेलबद्दल आहे. काम नसते तेव्हाही तयार राहावे लागते, आणि तयार राहायला पैसे लागतात. ते कोणी द्यायचे?

*

आधी हा माणूस कोण ते ठरवू, कारण सगळा घोळ तिथेच आहे.

कामगार खात्याच्या लेखी तो मालक. बँकेच्या लेखी कर्जदार. वाहतूक खात्याच्या लेखी परवानाधारक. खाण कंपनीच्या लेखी बाहेरचा वाहतूकदार. निवडणुकीत तो ‘खाण अवलंबित’ असतो. घरच्यांना मात्र नेमके माहीत असते की तो हातावर पोट असलेला आहे. त्याचा हात स्टिअरिंगवर असला तरच चूल पेटते.

नोकरी गेलेल्याला बेकार म्हणतात. याची नोकरी नव्हतीच, मग जाणार कुठून? त्याचे काम ‘गेले’ असे कोणी सांगत नाही. ‘येणार आहे’ असेच सांगतात. या ‘येणार आहे’मध्ये माणसाची उमेदीची वर्षे जातात आणि कुठल्याही रजिस्टरमध्ये त्यांची नोंद होत नाही.

*

आता तारखा. डिचोलीच्या ट्रकवाल्यांना त्या तोंडपाठ आहेत, बाकीच्यांसाठी लिहितो.

७ सप्टेंबर २०१२ रोजी बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती शहा आयोगाचा अहवाल संसदेत मांडला गेला. १० सप्टेंबरला राज्य सरकारने खाणी थांबवल्या. ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने बंदीवर शिक्का मारला. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की खाणींची मुदत २००७ मध्येच संपली होती आणि पुढे उत्खनन करायचे तर वर्षाला दोन कोटी टनांच्या आत करावे. २०१५ मध्ये थोडी हालचाल सुरू झाली. लोकांनी टायर बदलले, गाड्या पासिंगला नेल्या. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी न्यायालयाने ८८ खाणींचे नूतनीकरण रद्द केले आणि मार्चच्या मध्यावर पुन्हा सगळे ठप्प. जानेवारी २०२० मध्ये आधीच काढून ठेवलेले, रॉयल्टी भरलेले खनिज उचलायला परवानगी मिळाली. त्या थोड्या खेपा मिळतात न मिळतात तोच करोना आला. डिसेंबर २०२२ मध्ये लिलाव झाला आणि डिचोलीचा पहिला खाणपट्टा वेदांताने घेतला. मग जनसुनावणी, मग पर्यावरण दाखला. खाण प्रत्यक्षात चालू झाली २०२४ मध्ये.

२०१२ ते २०२४. गाडी घेतली तेव्हा पहिलीत असलेला मुलगा या काळात कॉलेजात गेला.

यातल्या प्रत्येक तारखेमागे कारण होते, आणि बहुतेक कारणे खरी होती. बेकायदा उत्खनन झालेच होते. शिरगावच्या विहिरी आटल्या, मुळगावच्या शेतांत गाळ शिरला, हे तिथल्या लोकांनी वर्षानुवर्षे ओरडून सांगितले आहे. न्यायालयाने थांबवले ते बरोबर की चूक, हा वाद मी इथे घालत नाही. माझे म्हणणे एवढेच की खाणीच्या करारावर ट्रकवाल्याची सही नव्हती. त्याने नकाशे बदलले नाहीत, मुदत ओलांडली नाही, निर्यातीचे खोटे आकडे भरले नाहीत. त्याने कर्ज काढून गाडी घेतली आणि सांगितले तिथे माती वाहिली. दंड भरायची वेळ आली तेव्हा पहिला हप्ता त्याचा थकला.

*

आता पेडण्याला चला. तिथे खाण नाही, विमानतळ आहे. गोष्ट तीच.

मोपाच्या विमानतळाला केंद्राने तत्त्वतः मंजुरी दिली ती २००० साली. १३ नोव्हेंबर २०१६ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. मोपा, चांदेल, कासारवर्णे, वारखंड या गावांत तेव्हापासून एकच बोलणे ऐकू येई, की आता काम गावात येणार. तरुणांनी बॅज काढले, परवान्यांसाठी अर्ज केले. काहींनी जमिनीचे आलेले पैसे गाडीत घातले, काहींनी कर्ज काढले. २९ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण दाखला स्थगित केला. काम थांबले. जानेवारी २०२० मध्ये स्थगिती उठली आणि दोन महिन्यांत देश बंद झाला. ११ डिसेंबर २०२२ रोजी मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले आणि ५ जानेवारी २०२३ ला पहिले प्रवासी विमान उतरले.

विमान उतरले तरी टॅक्सीवाल्याचे काम उतरले नाही. काउंटर कोणाचा, रांग कोणाची, पिवळी-काळी कुठे उभी राहणार, ॲपवाली कुठे, यासाठी पेडणेकरांना रस्त्यावर बसावे लागले. ज्यांच्या सड्यावर धावपट्टी झाली, त्यांच्या मुलांना तिथे गाडी लावायला जागा मागावी लागली.

विमानतळ बांधणाऱ्या कंपनीच्या करारात उशिराची तरतूद असते. काम थांबले, दाखला अडकला, महामारी आली, तर मुदत वाढवून मिळते. मोठ्या करारांत ‘आपल्या हाताबाहेरचे कारण’ असे एक कलमच असते. बँकेचे वकील आणि कंपनीचे वकील समोरासमोर बसून ते लिहितात. वारखंडच्या पोराच्या गाडीच्या कर्जाच्या कागदात असे कलम नव्हते. त्याच्यासाठी महिन्याची सात तारीख ही सात तारीखच होती.

*

दोन तारखा शेजारी ठेवून बघा. कामाची तारीख हलते. हप्त्याची हलत नाही.

समजा हप्ता अठरा हजारांचा आहे. काम सहा महिने लांबले तर एक लाख आठ हजार झाले. त्यावर विमा आहे, रस्ता कर आहे, फिटनेस आहे. खनिज वाहायचे तर खाण खात्याकडे गाडीची नोंदणी हवी, जीपीएस हवे. गाडी पंधरा वर्षांची झाली की फिटनेसचे शुल्क वाढते, आणि २०१० मध्ये घेतलेली गाडी उभ्या उभ्याच पंधरा वर्षांची झाली. किलोमीटर न धावताच ती म्हातारी झाली.

अशा घरात पैसा येतो कुठून? मी जिथे जिथे विचारले, तिथे उत्तर एकच आले आणि प्रत्येकाने ते खाली बघून दिले. आईचे ‘दयानंद’ आणि बायकोचे ‘गृह आधार’. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे महिन्याला दोन हजार, गृह आधारचे दीड हजार. साडेतीन हजार रुपयांत घर चालते आणि त्या घरासमोर काही लाखांची गाडी चिऱ्यांवर उभी असते. म्हातारीच्या औषधासाठी आलेल्या पैशातून तरण्या माणसाच्या गाडीचा विमा भरला जातो. ज्या घरात हे घडते, तिथे या दोन्ही योजनांचा अर्थच बदलून जातो. सरकारला वाटते आपण म्हाताऱ्यांना आणि गृहिणींना आधार देतो. तो आधार घरातल्या थांबलेल्या कामाला लागतो.

*

कोणी म्हणेल, काम नसलेल्या दिवसाचे पैसे मागणे ही नवीनच मागणी आहे. जगात असे कुठे असते?

इथेच असते. आपल्याच किनाऱ्यावर होते.

१९४८ मध्ये देशाने गोदी कामगारांसाठी कायदा केला. जहाज कधी लागेल ते कामगाराच्या हातात नसते, म्हणून त्याने उपाशी राहू नये हा त्यामागचा विचार. नोंदलेला कामगार सकाळी हजर झाला आणि त्या दिवशी जहाज नसले, तरी त्याला हजेरीचा भत्ता मिळायचा. मुंबईत असे बोर्ड होते. पुढे आपल्या मुरगाव बंदरातही होते. तो नियम लिहिणाऱ्यांना एक गोष्ट कळली होती, की जहाजाची वाट पाहणे हाही कामाचाच भाग आहे.

डिचोलीची माती टिपरमधून सारमानसच्या धक्क्यावर यायची, तिथून बार्जमधून मांडवीने खाली जायची आणि मुरगावला जहाजात चढायची. त्या साखळीच्या शेवटच्या टोकाला, बंदरात, थांबलेल्या माणसाला काही मिळण्याचा कायदा या देशाने करून दाखवला. पहिल्या टोकाला, खाणीच्या तोंडाशी थांबलेल्याला काहीच नाही. माती तीच होती.

दुसरे उदाहरण महाराष्ट्राचे, आणि ते प्रत्येक मराठी माणसाने अभिमानाने सांगावे असे आहे. १९६५ मध्ये वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातल्या विसापूरला एक प्रयोग केला. मागेल त्याला काम. १९७२ च्या दुष्काळात त्या कल्पनेने लाखो माणसे जगवली. १९७७ मध्ये महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला. पंधरा दिवसांत काम देता आले नाही तर सरकारने बेकारभत्ता द्यायचा, असे त्यात लिहिले. २००५ च्या केंद्राच्या कायद्याने हेच तत्त्व देशभर नेले. पहिले तीस दिवस मजुरीचा किमान पाव हिस्सा, नंतर किमान निम्मा, आणि तो भार राज्याने उचलायचा. भत्ते मिळाले किती, ही वेगळी लढाई आहे. पण तत्त्व बघा. काम द्यायला उशीर करणाऱ्याने उशिराची किंमत मोजायची.

विसापूरच्या शेतमजुरासाठी जे तत्त्व न्यायाचे ठरते, ते मयेच्या ट्रकवाल्यासाठी का नाही?

*

आज कायदा काय देतो ते पाहा.

कर्मचारी राज्य विम्यात नाव असलेल्याची नोकरी गेली, तर अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेतून त्याला नव्वद दिवसांपर्यंत सरासरी मजुरीच्या निम्मी रक्कम मिळू शकते. अट अशी की तो कोणाच्या तरी पगारपत्रकावर हवा. स्वतःची गाडी चालवणारा कुणाच्याच पत्रकावर नसतो.

ऑगस्ट २०२१ मध्ये ई-श्रम पोर्टल आले. असंघटित कामगारांनी नावे नोंदवा, असे सांगण्यात आले आणि तीस कोटींहून जास्त लोकांनी नोंदवली. कार्ड हातात आले. त्या कार्डावर काम नसलेल्या महिन्याचा एक रुपयाही मिळत नाही.

सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये संमत झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. ॲपवर चालणाऱ्या चालकांचे नाव कायद्यात पहिल्यांदा आले, कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम द्यावी असे ठरले. हे पाऊल चांगलेच आहे. त्यात अपघात आहे, आजारपण आहे, म्हातारपण आहे. काम लांबल्याचे नाव मात्र त्या यादीत शोधून सापडत नाही.

मच्छीमारांसाठी एक लहानशी वाट काढलेली आहे. मासेमारी बंद असते त्या काळासाठी केंद्राच्या योजनेत मच्छीमाराने पंधराशे रुपये साठवायचे, सरकारने तीन हजार घालायचे आणि साडेचार हजार तीन महिन्यांत त्याला परत द्यायचे. रक्कम तुटपुंजी आहे. पण मासा वाढावा म्हणून होडी थांबते आणि त्या थांबण्यात सगळ्यांचे हित असते, म्हणून थांबणाऱ्याला काही द्यावे, हे सरकारने मान्य केले आहे. पर्यावरणासाठी होडी थांबली तर भत्ता, आणि पर्यावरणासाठी ट्रक थांबला तर जप्तीची नोटीस. हा भेद कुठल्या तत्त्वात बसतो ते मला कोणी समजावून सांगावे.

*

परदेशातही हे प्रश्न आले आणि त्यांनी उत्तरे शोधली. स्पेनने २०१० मध्ये कायदा करून स्वयंरोजगार करणाऱ्यांसाठी काम बंद पडल्यावरचा भत्ता ठेवला. दरमहा वर्गणी भरायची आणि धंदा थांबला तर ज्या रकमेवर वर्गणी भरली तिच्या सत्तर टक्के, ठरावीक महिने मिळणार.

ब्रिटनने करोनाच्या वेळी स्वयंरोजगारवाल्यांना पहिल्या हप्त्यात सरासरी नफ्याच्या ऐंशी टक्के रक्कम तीन महिन्यांसाठी दिली, कमाल साडेसात हजार पौंड. पण हिशेब धरला जुन्या कर विवरणपत्रांवरून. एप्रिल २०१९ नंतर ज्यांनी धंदा सुरू केला, ते पहिल्या तीन हप्त्यांतून वगळले गेले. ज्याचे काम नुकतेच सुरू होणार होते, त्याच्याकडे दाखवायला जुनी कमाई नव्हती.

हा धडा आपण नीट शिकायला हवा. मोपाच्या टॅक्सीवाल्याने गाडी घेतली ती पुढच्या कामासाठी. गेल्या वर्षीची कमाई दाखव म्हटले तर तो काय दाखवणार? त्याच्याकडे आहे ते परवाना, आरसी बुक आणि कर्जाचे खाते. मदतीचा निकष तोच असला पाहिजे.

*

गोव्याने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१३ मध्ये खाणबंदीने अडकलेल्या ट्रकमालकांसाठी आर्थिक मदतीची योजना आली. २०१४ मध्ये खाणबाधित कर्जदारांसाठी कर्जमुक्तीची योजना आली. कित्येकांची गाडी त्यामुळे जप्तीतून सुटली. ज्यांनी या योजना आणल्या, त्यांना ते श्रेय द्यायलाच हवे.

पण या योजना आल्या त्या मोर्चे निघाल्यानंतर. आझाद मैदानावर बसावे लागले, पणजीची वाट अडवावी लागली, तेव्हा. ज्याचा आवाज मोठा, त्याच्या गाडीला मदत. खाणीच्या वाटेवर चहा-भजीचा गाडा लावणारी बाई मोर्चात नव्हती. पंक्चरवाला नव्हता, वेल्डिंगवाला नव्हता. ड्रायव्हरांना जेवण देणारी खानावळ चालवणारे जोडपे नव्हते. हे सगळे स्वतःच्या हिमतीवर धंदा करणारेच होते आणि यांचेही काम त्याच दिवशी थांबले. चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात थांबले, हे डिचोलीतल्या कोणालाही सांगावे लागत नाही. २०१२ ची गणपतीवरची ती माटोळी कशी बांधली गेली, हे प्रत्येक घर जाणते.

संकट आल्यावर सुचलेली योजना ही भीक वाटते. आधीपासून लिहून ठेवलेली योजना हक्क वाटते. मागणाऱ्याच्या मानेला हा फरक जाणवतो.

*

‘बसून पैसे दिले तर लोक आळशी होतील.’ हे वाक्य मला हमखास ऐकवले जाते, म्हणून सरळ उत्तर देतो.

त्या मयेच्या माणसाला आठवा. पैसे मिळत नसताना तो दर रविवारी इंजिन चालू करत होता. आळशी माणसाच्या गाडीला गंज चढतो. याच्या गाडीला चिरे लागले होते. लोक वर्षानुवर्षे स्वतःच्या पैशाने तयार राहिले आणि २०२४ मध्ये खाण सुरू झाली तेव्हा कामावर जायला उभे होते. यापेक्षा मोठा पुरावा कोणता हवा?

‘धंदा म्हटला की जोखीम आलीच,’ हे दुसरे वाक्य. मान्य. गिऱ्हाईक आले नाही, दर पडला, गाडी बिघडली, ही धंद्याची जोखीम. ती त्याने घ्यावी आणि तो घेतोच. पण परवाना कधी निघणार, लिलाव कधी होणार, दाखला कधी येणार, काउंटर कुठे बसणार, हे बाजार ठरवत नाही. ते सचिवालयात आणि न्यायालयात ठरते. ज्या गोष्टीवर माणसाचा काडीचा ताबा नाही, तिला त्याची जोखीम म्हणणे चूक आहे.

‘एकेकाचे दहा-दहा ट्रक होते, त्यांनाही द्यायचे का?’ द्यायचे नाहीत. एक गाडी, एक घर. स्वतः चालवणारा किंवा त्याच गाडीवर जगणारा. गाड्यांचा ताफा असलेल्याने स्वतःचे बघावे.

*

मग करायचे काय? चार गोष्टी, सरळ.

पहिली. सरकारने कुठल्याही प्रकल्पाची, खाणीची, स्टँडची, काउंटरची सुरू होण्याची तारीख जाहीर केली की त्या कामासाठी तयार असलेल्यांची यादी पंचायतीत लागली पाहिजे. आरसी बुक, परवाना, बॅज, कर्जाचे खाते एवढ्यावर नाव लागावे. गाडेवाली आणि गॅरेजवाला यांचे नाव पंचायतीच्या नोंदीवरून लागावे. यादी भिंतीवर लावा, म्हणजे खोटे नाव गावच पुसेल.

दुसरी. जाहीर केलेली तारीख उलटून पंधरा दिवस झाले की प्रतीक्षा भत्ता सुरू. रोजगार हमीचाच पंधरा दिवसांचा नियम. अर्ज, शिफारस, आमदाराचे पत्र, काही नको. तारीख चुकली एवढा पुरावा पुरे. महिन्याच्या किमान वेतनाच्या निम्मी रक्कम द्या आणि एक वर्षाची मर्यादा घाला.

तिसरी. त्या काळात हप्ता थांबला पाहिजे आणि थांबलेल्या हप्त्यावर व्याज चढता कामा नये. करोनात बँकांनी हप्ते पुढे ढकलले, पण व्याज चालूच राहिले. माझ्या ओळखीच्या एका टॅक्सीवाल्याच्या कर्जाची मुदत त्यामुळे लांबली आणि त्याला ते कळले वर्षभराने, पासबुक भरायला गेल्यावर. व्याजाचा तो तुकडा सरकारने उचलावा.

चौथी. वर्षभरातही काम आले नाही, तर गाडी सोडून दुसऱ्या धंद्यात जाण्यासाठी एकरकमी मदत द्या. सगळ्यांनी खाणीचीच वाट पाहत बसावे, असे मला अजिबात वाटत नाही. ज्याला काजूत, दुधात, गॅरेजमध्ये जायचे आहे, त्याला वाट मोकळी हवी. आज तो जाऊ शकत नाही, कारण कर्ज त्याला गाडीशी बांधून ठेवते.

पैसा कुठला? डिचोलीपुरते उत्तर तयार आहे. २०१५ च्या दुरुस्तीने प्रत्येक खाण जिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान आले. उत्तर गोव्यात आहे. खाणवाल्यांनी रॉयल्टीबरोबर त्यात रक्कम भरायची असते. खाणकामामुळे बाधित झालेल्या माणसांच्या आणि प्रदेशांच्या हितासाठी काम करणे, हा त्याचा कायद्यात लिहिलेला हेतू. धुळीने बाधित होतो तो बाधित, मग खाण बंद पडल्याने ज्याची चूल बंद पडते तो बाधित नाही? त्यातला ठरावीक हिस्सा प्रतीक्षा निधी म्हणून बाजूला काढा. २०१४ च्या निकालाने जो कायम निधी उभा राहिला, त्याला हात लावू नका. तो पुढच्या पिढ्यांचा आहे. पेडण्यासाठी विमानतळाच्या उत्पन्नात राज्याचा जो वाटा आहे, त्यातून थोडे बाजूला काढा. ज्या कामाची तारीख, त्याच कामातून तारखेची किंमत.

याचा आणखी एक फायदा होईल आणि तो मला सगळ्यात मोठा वाटतो. उशिराला पैसे पडायला लागले की तारखा जपून दिल्या जातील. निवडणुकीच्या सभेत ‘येत्या दोन महिन्यांत’ म्हणायच्या आधी कोणीतरी फाइल उघडून बघेल. आज तारीख फुकट आहे, म्हणून ती कोणीही, कुठेही, कितीही वेळा देतो.

*

त्या मयेच्या अंगणातून निघताना मालकाने बॅटरी काढायला घेतली होती. दहा मिनिटे झाली होती. टर्मिनल सोडले, बॅटरी छातीशी धरून पडवीत नेली आणि पुन्हा त्या घोंगड्याच्या तुकड्यावर ठेवली, निजलेल्या पोराला ठेवावे तशी. मग हात पुसत म्हणाला, “सप्टेंबरात सुरू जातलें म्हणटात.” मी हो म्हटले. तेव्हा एक गोष्ट विचारायला हवी होती, ती मी विचारली नाही. त्याला विचारून उपयोग नव्हता. तारीख देणाऱ्यालाच ती विचारायला हवी.

गोव्यात ग्रामसभा रविवारी भरते. डिचोलीच्या आणि पेडण्याच्या वाचकांना माझी विनंती आहे. येत्या ग्रामसभेत कोणी उठून खाणीची, काउंटरची, स्टँडची, कशाचीही तारीख सांगितली, तर टाळ्या वाजवायच्या आधी उभे राहा आणि एकच शब्द विचारा. “तोवर?”

उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका. आणि ते उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या, तारखेसकट.